पित्ताशयातील खडे आणि आपला वाढता मेद

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात गारगोटी येथे दिलेले व्याख्यान)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार नुकताच पार पडला आहे आणि पलीकडे भोजनाच्या पंगतीची तयारी चालू आहे. अशा आनंदाच्या प्रसंगी आजाराचा विषय काढणे कित्येकांना औचित्यभंगाचे वाटेल. परंतु ही गारगोटी आहे. १९५२ साली डॉ. जे. पी. नाईक यांच्यासारख्या थोर शिक्षणतज्ज्ञाने मौनी विद्यापीठाच्या रूपाने याच गावी ग्रामीण शिक्षणाचा एक मोठा प्रयोग उभा केला. ज्या गावाने शिक्षणाचा एवढा ध्यास घेतला, त्या गावी स्वतःच्या शरीराविषयी दोन गोष्टी जाणून घेण्यास आपण संकोच करू नये, असे मला वाटते.

हा विषय निवडण्यास एक घरगुती कारणही आहे, आणि ते सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. माझ्या थोरल्या वहिनी मला धाकट्या दिराप्रमाणे नव्हे, तर मुलाप्रमाणे वागवीत आल्या. तिसऱ्या बाळंतपणानंतर त्यांचे शरीर सुटले ते सुटलेच. पुढे काही वर्षांनी त्यांना जेवणानंतर, विशेषतः रात्री, छातीखाली कळ येऊ लागली. "भावजी, पित्त उसळलंय बघा, तुमची ती गोळी द्या," असे त्या म्हणत आणि मी गोळी देत असे. मी वैद्यकीय पदवीधर. दवाखान्यात परक्या रुग्णाला दहा प्रश्न विचारणारा. पण घरच्या माणसाला मी एकही प्रश्न विचारला नाही. अशी दोन वर्षे गेली. मग त्यांच्या लेकीचे लग्न ठरले. मांडवात लोक काय म्हणतील म्हणून वहिनींनी दोन महिने जवळजवळ अन्न सोडले आणि बारा किलो वजन उतरविले. सगळ्यांनी कौतुक केले, मीही केले. लग्नाला आठ दिवस उरले असता त्यांना असह्य वेदना सुरू झाल्या, डोळे पिवळे झाले, आणि पित्ताशयातून निसटलेल्या खड्याने स्वादुपिंडाला सूज आल्याचे कोल्हापुरास नेल्यावर कळले. त्या वाचल्या, ही ईश्वराची कृपा व तेथील शल्यचिकित्सकांचे कौशल्य. परंतु लेकीच्या डोक्यावर अक्षता टाकण्यास त्या मांडवात नव्हत्या. त्या दिवसापासून हा विषय माझ्या मनाला लागून राहिला आहे.

प्रथम एका शब्दाचा घोटाळा दूर करू. घशाशी आंबट पाणी आले, डोके दुखले, मळमळले की आपण ‘पित्त झाले’ असे म्हणतो. हा बहुधा जठरातील आम्लाचा त्रास असतो. खरा पित्तरस निराळा. तो यकृतात तयार होतो, दिवसाकाठी अर्ध्या ते एक लिटरपर्यंत. यकृताखाली उजव्या बाजूस लहानशा पेरूच्या आकाराची एक पिशवी असते, तिला पित्ताशय म्हणतात. दोन जेवणांच्या मधल्या काळात पित्तरस तेथे साठतो व आटून घट्ट होतो. आपण स्निग्ध अन्न खाल्ले की ही पिशवी आकुंचन पावते आणि पित्तरस नळीवाटे लहान आतड्यात उतरून तेलातुपाचे पचन घडवितो. एका शब्दाखाली दोन दुखणी झाकली गेल्यामुळे किती घरांत खरे दुखणे वर्षानुवर्षे लपून राहत असेल, याचा विचार करावा.

आता खडा बनतो कसा? गुऱ्हाळ आपणांपैकी प्रत्येकाने पाहिले आहे. काकवी बरणीत भरून दीर्घकाळ न हलविता ठेवली, तर तळाशी साखरेचे कण धरू लागतात, कारण रसात मावेल त्याहून अधिक साखर त्यात असते. पित्तरसाचेही असेच आहे. त्यात कोलेस्टेरॉल असते. ते पाण्यात विरघळत नाही. पित्तक्षार व लेसिथिन या पदार्थांनी त्याला धरून ठेवलेले असते. कोलेस्टेरॉल प्रमाणाबाहेर गेले म्हणजे त्याचे स्फटिक बनतात. पिशवी वेळच्या वेळी रिकामी झाली नाही, तर ते स्फटिक तेथेच बसून वाढतात आणि वाळूच्या कणापासून सुपारीएवढे खडे तयार होतात. अर्थात खड्याला दोन गोष्टी लागतात: दाट रस आणि मंद पिशवी.

स्थूलता या दोन्ही गोष्टी पुरविते. मेद वाढलेल्या शरीरात यकृत अधिक कोलेस्टेरॉल निर्माण करते व ते पित्तरसात अधिक प्रमाणात ओतते. त्याच वेळी पिशवीचे आकुंचनही कित्येकांत शिथिल होते. हा केवळ तर्क नव्हे. अमेरिकेत सुमारे नव्वद हजार परिचारिकांची आठ वर्षे नोंद ठेवून १९९२ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्यात अतिशय स्थूल स्त्रियांना पित्ताशयाच्या खड्यांचा त्रास होण्याचा संभव सडपातळ स्त्रियांच्या सातपट आढळला. पुढे २०१३ साली कोपनहेगन येथील संशोधकांनी ७७ हजारांहून अधिक लोकांच्या आनुवंशिक तपासणीवरून दाखविले की, स्थूलता ही खड्यांची केवळ सोबतीण नसून त्यांचे एक कारणच आहे.

‘आम्ही कुठे एवढे लठ्ठ आहोत?’ असा प्रश्न येथे कोणी विचारील. त्याचे उत्तर पुण्यातूनच मिळाले आहे. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे स्नेही डॉ. जॉन युडकिन या दोघांचे छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले. उंचीच्या मानाने वजन दाखविणारा बी. एम. आय. नावाचा आकडा दोघांचाही २२.३, म्हणजे अगदी सारखा. परंतु शरीरातील मेद मोजला, तेव्हा युडकिन यांचा निघाला ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचा २१.२ टक्के! भारतीय माणूस अंगाने बेताचा दिसला तरी त्याचा मेद पोटात दडून बसतो, हे यावरून ध्यानी यावे. म्हणूनच आपल्या लोकांसाठी बी. एम. आय. २३ झाला की सावध व्हावे आणि २५ झाला की स्थूलता समजावी, असे भारतीय वैद्यकतज्ज्ञांनी ठरविले आहे. त्याहून सोपी कसोटी शिंप्याच्या टेपाची. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटर यांच्या आत असावा.

अर्थात प्रत्येक खड्याचा दोष मेदावर ढकलू नये. आनुवंशिकता, वय, रक्तपेशींचे काही विकार यांमुळेही खडे होतात, आणि कृश माणसालाही ते होतात. पश्चिम रेल्वेचे वैद्यकीय अधिकारी डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी रेल्वे कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासून १९६८ साली दाखविले की, हा विकार उत्तर भारतात दक्षिणेच्या मानाने सातपट होता. एकाच खात्यात काम करणाऱ्या माणसांत एवढा फरक, यावरून प्रदेश, आहार व राहणी यांचा त्यात केवढा वाटा असावा हे कळते. आपण जन्म बदलू शकत नाही, राहणी बदलू शकतो.

आपली राहणी मात्र उलट दिशेला बदलली आहे. भुदरगडच्या डोंगराळ भागातील आपल्या आजोबांनी तूप खाल्ले, म्हशीचे धारोष्ण दूध प्याले, सणाला मटणाचा रस्साही ओरपला. परंतु ते पहाटे नांगर धरीत, पाटगावच्या बाजूने बाजारासाठी पायी येत, आणि आपल्या आज्या जात्यावर दळीत व आडावरून पाणी वाहत. आज नांगराच्या जागी ट्रॅक्टर आला, जात्याच्या जागी गिरणी आली, चार घरे ओलांडून दुकानात जावयाचे तरी मोटारसायकल लागते. कष्ट गेले हे चांगलेच झाले. परंतु कष्ट गेले आणि ताट तसेच राहिले, किंबहुना त्यात फरसाण, बेकरीचे पदार्थ व बाटलीतील गोड पेये यांची भर पडली. आपल्या जिल्ह्याचे भूषण असलेल्या मल्लांचीही हीच कथा. आखाडा सुटतो, खुराक सुटत नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सुमारे चौथा हिस्सा स्त्रिया आणि जवळजवळ तेवढेच पुरुष प्रमाणाबाहेर वजनाचे आढळले, यात नवल ते काय?

येथपर्यंतचा भाग ऐकून कोणी उद्यापासून उपाशी राहण्याचा संकल्प सोडील, तर माझ्या व्याख्यानाने हिताऐवजी अहित होईल. कारण माझ्या वहिनींना केवळ मेदाने गाठले नव्हते. मेद घाईने उतरविण्याने गाठले होते. वजन झपाट्याने घटू लागले की साठलेल्या मेदातील कोलेस्टेरॉल सुटे होऊन पित्तरसात उतरते. त्यातच पोटात अन्न नाही, स्निग्धांश तर मुळीच नाही, म्हणून पित्ताशयाला आकुंचन पावण्याचे निमित्तच मिळत नाही. रस दाट आणि पिशवी स्थिर, म्हणजे न हलविलेली काकवीच! अतिस्थूल रुग्णांवर वजन घटविण्याची जठराची शस्त्रक्रिया करतात, त्यांच्याविषयी १९९५ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. प्रतिबंधक औषध न घेतलेल्यांपैकी ३२ टक्के रुग्णांत सहा महिन्यांच्या आत खडे तयार झाले. अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल हे औषध योग्य मात्रेत घेतलेल्यांत ते प्रमाण केवळ २ टक्के राहिले. वजन उतरविणे, पुन्हा चढविणे, पुन्हा उतरविणे हा खेळही वाईट. १९९९ सालच्या एका अभ्यासात, नऊ किलो वा अधिक वजन असे खालीवर करणाऱ्या स्त्रियांवर पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेची पाळी इतरांपेक्षा ६८ टक्क्यांनी अधिक आली. अलीकडे वजन घटविण्याची जी इंजेक्शने निघाली आहेत, त्यांच्या बाबतीतही पित्ताशयाच्या विकारांचा धोका काहीसा वाढल्याचे आढळले आहे. ती डॉक्टरांच्या देखरेखीवाचून घेऊ नयेत.

आपल्या पूर्वजांनी ही दोन टोके ओळखली होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात जी निंद्य शरीरे सांगितली आहेत, त्यांत अतिस्थूल आणि अतिकृश ही दोन्ही शेजारी शेजारी ठेवली आहेत, ही गोष्ट मननीय आहे.

म्हणून वजन उतरवावयाचे ते आठवड्यास अर्धा ते एक किलो, याहून वेगाने नको. तेलतूप अजिबात वर्ज्य करू नये. ज्याला खड्याचा त्रास नाही, त्याच्या एखाद्या जेवणात तरी सुमारे दोन चहाचे चमचे तेल असावे, म्हणजे पिशवी रिकामी होते. भाकरी, कडधान्ये, पालेभाज्या यांचा भाग वाढवावा. साखर, मैदा व तळण यांचा घटवावा. व्यायाम तर हवाच. अमेरिकेतील पुरुषांच्या १९९८ सालच्या पाहणीतून असा अंदाज निघाला की, आठवड्यातून पाच दिवस अर्धा अर्धा तास दमदार व्यायाम केल्यास त्रासदायक खड्यांपैकी ३४ टक्के टळू शकतील. उपवास ज्यांना श्रद्धेने करावयाचा आहे, त्यांनी अवश्य करावा. परंतु दिवसभर निराहार आणि रात्री साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे लाडू व तळलेले पापड, हे व्रतही नव्हे आणि आरोग्यही नव्हे.

येथे मला भगिनींविषयी विशेष सांगावयाचे आहे. स्त्री-संप्रेरकांच्या प्रभावामुळे व गर्भारपणामुळे हा विकार तरुण व मध्यम वयात पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक होतो. त्यात आपल्या घरांची रीत पाहा. बाळंतिणीला डिंकाचे लाडू भरपूर, पण पुढे चालण्याफिरण्यास वाव नाही. घरातील सुनेने सकाळी चहावर राहावयाचे, सर्वांची जेवणे उरकल्यावर दुपारी दोन वाजता जेवावयाचे, आणि उरलेले वाया जाऊ नये म्हणून तेही आपणच संपवावयाचे! एवढे करून तिने पोट दुखते म्हटले, तर ‘जरा पित्त झाले असेल’ म्हणून आपण मोकळे होतो. पुरुषमंडळींना माझे हात जोडून सांगणे आहे की, घरातील स्त्रीचे दुखणे तिच्या सोशिकपणाने मोजू नका.

आता लक्षणे. जेवणानंतर तासा-दोन तासांनी किंवा मध्यरात्री, उजव्या बरगडीखाली अथवा छातीखाली मध्यभागी कळ येते. ती अर्ध्या तासापासून कित्येक तास टिकते, उजव्या खांद्याकडे किंवा पाठीकडे जाते, सोबत उलटी होते. अशी कळ पुन्हा पुन्हा येत असेल, तर सोनोग्राफी करून घ्यावी. ती वेदनारहित तपासणी असून बहुतेक खडे तीत दिसतात. कळेबरोबर थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, किंवा वेदना पाच-सहा तासांत थांबली नाही, तर एक रात्रही घालवू नये. येथील ग्रामीण रुग्णालयात आधी दाखवावे आणि तेथून सांगतील त्याप्रमाणे कोल्हापुरास छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात अथवा अन्य सुसज्ज ठिकाणी जावे. छातीखालची कळ हृदयविकाराचीही असू शकते. ती कशाची, हा निर्णय घरी बसून करू नये.

ज्यांच्या पोटात खडे आहेत पण त्रास काहीच नाही, त्यांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. अशा मूक खड्यांपैकी वर्षाकाठी शेकडा एक-दोघांनाच त्रास सुरू होतो, आणि बहुतेकांना शस्त्रक्रियेची गरज लागत नाही. त्रास होऊ लागल्यावर मात्र पित्ताशय काढणे हाच खात्रीचा उपाय. नुसते खडे काढले तर पिशवी पुन्हा खडे धरते. ही शस्त्रक्रिया प्रथम १८८२ साली बर्लिन येथे कार्ल लांगेनबुख यांनी केली. पोटावर लहान छिद्रे पाडून दुर्बिणीने ती करण्याची पद्धत आपल्या देशात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात सुरू केली, आणि आज ती जिल्ह्याच्या ठिकाणी नित्याची झाली आहे. पिशवी काढल्यावर पचन बंद पडते ही भीती निराधार आहे. पित्तरस यकृत बनविते, पिशवी त्याचे केवळ कोठार आहे.

दोन भ्रमांचा उल्लेख करणे अवश्य आहे. मूत्रखड्यावरचे उपाय, म्हणजे भरपूर पाणी पिणे किंवा खडा ‘पाडण्याचे’ काढे, पित्ताशयाच्या खड्यावर चालत नाहीत, कारण हे खडे मूत्रमार्गाने बाहेर जातच नाहीत. दुसरे, तेल व लिंबाचा रस पिऊन दुसऱ्या दिवशी ‘खडे पडले’ म्हणून हिरवट गोळे दाखवितात. तपासणीअंती ते त्याच तेलाचे साबणासारखे गोळे असल्याचे दिसून आले आहे. यात पैसा जातो, आणि त्याहून मोलाचा वेळ जातो.

शेवटी आपल्या मंडळापुढे तीन नम्र सूचना ठेवतो. पहिली, पुढील स्नेहसंमेलनात नावनोंदणीच्या मेजाजवळच वजनकाटा व टेप ठेवावा आणि ज्यांची इच्छा असेल त्यांचे वजन व कमरेचा घेर त्यांच्याच हाती चिठ्ठीवर लिहून द्यावा. दुसरी, आपल्या मंगलकार्यांत जिलेबीचा आग्रह हा मानाचा विषय राहू नये. वाढप्याने एकदा विचारावे, दुसऱ्यांदा विचारू नये. तिसरी, वधूवर मेळाव्यात ‘सडपातळ’ ही अट आपण इतक्या सहज लिहितो, ती लिहिण्यापूर्वी विचार करावा. मुली आणि त्यांच्या माताही त्या एका शब्दापायी उपाशी राहतात, हे मी घरात पाहिले आहे.

माझ्या वहिनींची शस्त्रक्रिया होऊन आता सहा वर्षे लोटली. त्या रोज सकाळी वेदगंगेच्या काठाने चालावयास जातात, आणि आता एकट्या जात नाहीत, आमचे दादाही बरोबर असतात. तीन वर्षांत त्यांचे वजन नऊ किलोंनी उतरले. हळूहळू उतरले, म्हणून टिकले. घरात सर्वांचे ताट एकच झाले, सर्वजण एकाच वेळी जेवू लागले, आणि ‘पित्त झाले’ असे कोणी म्हटले की मी आता आधी प्रश्न विचारतो, गोळी मागाहून देतो. मेद एका दिवसात चढत नाही, तो एका महिन्यात उतरविण्याचा हट्टही धरू नये. सगळ्या घराने मिळून सावकाश उतरवावा, एवढेच मला सांगावयाचे होते.